लिव्ह गोल्फमध्ये प्रवेश मिळतो तरी कसा?

हिरवळकर (धागाकर्ते)

नमस्कार. गेल्या रविवारी लिव्ह गोल्फ या नव्या व्यावसायिक लीगचे प्रक्षेपण पाहत असताना घरातून एक साधा प्रश्न आला आणि त्याचे नीट उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. प्रश्न असा होता की, मैदानावर दिसणारे हे पन्नास-पंचावन्न खेळाडू निवडले कोणी आणि कोणत्या कसोटीवर?

अमेरिकेतील पीजीए टूर या प्रस्थापित व्यावसायिक स्पर्धामालिकेपुरते बोलायचे तर उत्तर सोपे आहे. हंगामाअखेरीस फेडेक्स कपच्या गुणतक्त्यात पहिल्या १०० जणांत असलेल्यांचे कार्ड, म्हणजे पुढच्या हंगामात खेळण्याचा हक्क, कायम राहते (हा आकडा पूर्वी १२५ होता), कॉर्न फेरी टूर या खालच्या पायरीवरून २० जण वर येतात, युरोपातील डीपी वर्ल्ड टूरवरून १० जण येतात आणि क्यू-स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून ५ जण. कोणीही उठावे, शुल्क भरावे, पहिल्या टप्प्यापासून खेळावे आणि नशिबाने व कौशल्याने साथ दिली तर वर्षाअखेरीस टूरवर पोहोचावे, अशी ही सलग शिडी आहे.

लिव्ह गोल्फचा जन्म मात्र शिडीतून झालेला नाही, तर धनादेशातून झालेला आहे. सौदी अरेबियाच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाच्या पैशावर आणि ग्रेग नॉर्मन यांच्या नेतृत्वाखाली जून २०२२ मध्ये लंडनजवळच्या सेंचुरियन क्लबवर पहिली स्पर्धा झाली, तेव्हा खेळाडू ४८ होते, फेऱ्या ३ म्हणजे ५४ होल होते (रोमन आकड्यांत ५४ म्हणजे ‘एलआयव्ही’, त्यावरूनच हे नाव), कट (म्हणजे मागे पडलेल्यांना मध्यावर वगळणे) नव्हता आणि एकूण बक्षीस २.५ कोटी डॉलर होते. त्या वेळी पात्रता याचा अर्थ ‘तुम्हाला बोलावणे आले का’ एवढाच होता. त्यानंतर काही दारे उघडली गेली हे मला माहीत आहे. परंतु ती खरोखरची दारे आहेत की भिंतीवर रंगवलेली, हे मला ठरवता येत नाही. जाणकारांनी लिहावे.

फेअरवे_फुरसत

धागाकर्त्यांनी विषय चांगला निवडला आहे. ‘बोलावणे’ हा शब्द त्यांनी वापरला आहे, त्यावरून मला अँडी ओगलट्री या खेळाडूची आठवण झाली. लिव्हच्या प्रवेशव्यवस्थेचा सगळा इतिहास या एका माणसाच्या प्रवासात दिसतो, असे माझे मत आहे.

ओगलट्री हा २०१९ चा अमेरिकी हौशी विजेता. सेंचुरियनच्या पहिल्या स्पर्धेचे त्याला निमंत्रण मिळाले आणि तिथे तो ४८ जणांत शेवटचा आला. शेवटच्या क्रमांकालाही १ लाख २० हजार डॉलर होते, म्हणजे त्या वेळच्या दराने नव्वद लाख रुपयांहून अधिक. परंतु पुढचे निमंत्रण काही आले नाही. एकीकडे ती स्पर्धा सुरू होताच पीजीए टूरचे आयुक्त जे मोनाहन यांनी तिथे खेळणाऱ्या आपल्या सदस्यांना निलंबित केले होते, त्यामुळे परतीची वाटही अवघड झालेली. अशा अवस्थेत तो आशियाई टूरकडे वळला. लिव्हने त्या टूरमध्ये दहा वर्षांत ३० कोटी डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले होते आणि त्यातूनच ‘इंटरनॅशनल सीरिज’ ही मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांची मालिका उभी राहिली होती. तिच्या वर्षभराच्या गुणतक्त्यात जो पहिला येईल, त्याला पुढच्या हंगामात लिव्हमध्ये जागा, असा नियम होता. ओगलट्रीने २०२२ च्या अखेरीस इजिप्तची स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी कतार आणि इंग्लंड येथील स्पर्धा जिंकल्या, २०२३ च्या तक्त्यात तो पहिला आला आणि २०२४ मध्ये फिल मिकेल्सनच्या हायफ्लायर्स संघातून लिव्हमध्ये परतला. एकदा बोलावणे आले म्हणून आत गेलेला माणूस दुसऱ्यांदा स्वतःच्या खेळाच्या बळावर आत गेला.

पुढची गोष्ट तितकी सुखद नाही. २०२५ च्या हंगामाअखेरीस तो पुन्हा बाहेर पडला.

आकडेमोड

फेअरवे_फुरसत यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली आहे, मी जागांचा हिशेब मांडतो.

२०२४ मध्ये १३ संघ होते, प्रत्येकी चार खेळाडू, म्हणजे ५२, आणि संघाविना खेळणारे दोन ‘वाइल्ड कार्ड’ खेळाडू धरून ५४. त्या हंगामासाठी खेळातून मिळवता येण्याजोग्या जागा होत्या चार. एक इंटरनॅशनल सीरिजमधून आणि तीन ‘प्रमोशन्स’ नावाच्या पात्रता स्पर्धेतून, जी डिसेंबर २०२३ मध्ये अबू धाबी येथे पहिल्यांदा झाली. फिनलंडचा काले सामूया, जपानचा जिनिचिरो कोझुमा आणि झिम्बाब्वेचा किएरन व्हिन्सेंट हे तिघे तिथून आले. चौपन्नात चार म्हणजे साडेसात टक्के. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये रियाध येथे, प्रमोशन्समधून एकच जागा ठेवली गेली आणि ती तैवानच्या ली चिएह-पो याने मिळवली. २०२६ च्या हंगामासाठी खेळाडूंची संख्या ५७ झाली आणि अशा जागा पाच झाल्या: सीरिजमधून दोन आणि जानेवारी २०२६ मध्ये फ्लोरिडातील लेकँटो येथे झालेल्या प्रमोशन्समधून तीन. म्हणजे जेमतेम नऊ टक्के.

उरलेल्या नव्वद टक्क्यांत आधीच्या हंगामातील कामगिरीवर टिकलेले खेळाडू आहेत, आणि करारावर आलेले आहेत. टिकण्याच्या पद्धतीत तीन पट्टे असतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी पहिल्या २४ जणांची जागा पक्की, म्हणजे ‘लॉक झोन’. २५ ते ४८ हा ‘ओपन झोन’, ज्यात करार चालू असेल तर खेळाडू राहतो आणि नसेल तर कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळा असतो. ४९ पासून खाली ‘ड्रॉप झोन’, म्हणजे गच्छंती. मधल्या पट्ट्यातील माणसाचे भवितव्य तक्त्यावर कमी आणि कराराच्या कागदावर अधिक ठरते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

तिरका_चेंडू

गच्छंती, ती कोणाची? पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, शेवटचे चार जण बाहेर जाणार होते, पण संघाचे कर्णधार त्यातून वगळलेले होते. २०२४ मध्ये दोन वेळा मास्टर्स जिंकलेला बुब्बा वॉटसन ५३ व्या क्रमांकावर राहिला, म्हणजे सरळ ड्रॉप झोनमध्ये, तरी २०२५ मध्ये हे महाशय आपल्या रेंजगोट्स संघाचे कर्णधार म्हणून पुन्हा हजर! घरचाच दगड पायरीला, तो उचलणार कोण? अबू धाबीहून घाम गाळून आलेल्या तिघांपैकी सामूया आणि किएरन व्हिन्सेंट मात्र त्याच वर्षी घरी गेले. ज्या स्पर्धेत नियम खेळाडूचे नाव पाहून लागतो, तिला मी प्रदर्शन म्हणेन, स्पर्धा म्हणणार नाही.

आकडेमोड

तिरका_चेंडू यांच्या वॉटसनविषयीच्या आक्षेपाशी मी सहमत आहे, त्याचा बचाव करता येत नाही. परंतु चित्र तिथेच थांबलेले नाही. २०२३ मध्ये पहिल्यांदा बाहेर गेलेल्यांत चेस केपका होता, जो आपल्या थोरल्या भावाच्या, म्हणजे ब्रूक्स केपकाच्या, संघातून खेळत होता. पाच मेजर स्पर्धा (गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या चार वार्षिक स्पर्धांना मेजर म्हणतात) जिंकलेला भाऊ कर्णधार असूनही धाकट्याला वाचवता आले नाही. आणि २०२५ मध्ये हेन्रिक स्टेन्सन ४९ व्या क्रमांकावर आला. तो मॅजेस्टिक्स संघाचा सहकर्णधार, २०१६ च्या (ब्रिटिश) ओपन स्पर्धेचा विजेता, आणि लिव्हमध्ये गेल्यामुळे रायडर कप या युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक लढतीचे युरोपीय कर्णधारपद गमावलेला माणूस. त्याचाच साथीदार इयन पोल्टर ४८ व्या क्रमांकावर वाचला आणि स्टेन्सन एका जागेने बाहेर गेला. त्याच वर्षी नियमाला पहिल्यांदा दात फुटले, असे म्हणता येईल.

खडकवासला

गोल्फमधले मला फारसे कळत नाही, क्रिकेटमधले थोडे कळते. हे सगळे वाचताना २००७ सालची इंडियन क्रिकेट लीग आठवली. तिथेही खेळाडू करारावर आले, मंडळाने त्यांच्यावर बंदी घातली आणि २००९ मध्ये माफी जाहीर केल्यावर अंबाती रायुडूसारखे खेळाडू परत येऊन पुढे भारताकडूनही खेळले. परंतु त्या लीगमध्ये ‘पात्रता’ हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. सांघिक खेळात निवड समिती किंवा मालक संघ निवडतो हे आपण गृहीतच धरतो. मग गोल्फमध्येच या गोष्टीचा एवढा बाऊ का केला जातो? आणि आपला अनिर्बन लाहिरी तिथे कोणत्या दाराने गेला?

हिरवळकर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण लाहिरीचा जन्म पुण्याचा आणि त्याच्याविषयी इथे आपुलकी असणे साहजिक आहे. तो पात्रता स्पर्धेतून गेलेला नाही. मार्च २०२२ मध्ये प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये कॅमेरॉन स्मिथच्या मागे तो दुसरा आला, आणि त्याच वर्षी स्मिथ आणि तो दोघेही करार करून लिव्हमध्ये गेले. ब्रायसन डीशॅम्बोच्या क्रशर्स संघात त्याला जागा मिळाली आणि २०२३ चे सांघिक विजेतेपद त्या संघाने जिंकले. मात्र करार मिळण्यामागे आधीची पुण्याई होतीच. २०१५ मध्ये तो आशियाई टूरच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षभराच्या क्रमवारीत, पहिला होता आणि त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा. म्हणजे त्याने पात्रता सिद्ध केलेली होती, फक्त ती दुसऱ्याच अंगणात.

क्रिकेटच्या तुलनेत एक गंमत राहून गेली, ती इथे नोंदवतो. इंडियन क्रिकेट लीगच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख कपिल देव होते, आणि भारतातील व्यावसायिक गोल्फची प्रस्थापित संघटना असलेल्या पीजीटीआयचे अध्यक्षही २०२४ पासून तेच आहेत.

जुने_मानांकन

खडकवासला यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल, कारण माझ्या मते धाग्याचा गाभा तिथे आहे.

गोल्फ हा एकेकट्याचा खेळ आहे आणि त्यात जगभरच्या खेळाडूंना एकाच मापाने मोजणारी जागतिक क्रमवारी आहे. चारही मेजर स्पर्धांत प्रवेश मिळण्यासाठी या क्रमवारीतील स्थान महत्त्वाचे ठरते. क्रमवारीचे गुण एखाद्या स्पर्धेला तेव्हाच मिळतात, जेव्हा तिच्यातील यश हे कोणालाही प्रयत्नाने गाठता येईल अशा मार्गाशी जोडलेले असते. नाहीतर मोजक्या लोकांनी आपापसांत खेळून गुण वाटून घ्यावेत असा प्रकार होईल. लिव्हने जुलै २०२२ मध्ये गुणांसाठी अर्ज केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो नाकारला गेला. तेव्हाचे अध्यक्ष पीटर डॉसन यांनी स्पष्ट केले होते की ५४ होल किंवा कट नसणे हे नकाराचे मुख्य कारण नव्हते, ते गणिताने जुळवून घेता आले असते; अडचण होती ती खेळाडूंची वर्षागणिक होणारी अदलाबदल फार कमी असण्याची, आत येण्याचा मार्ग पुरेसा खुला नसण्याची आणि सांघिक स्पर्धेचा वैयक्तिक खेळावर परिणाम होण्याच्या शक्यतेची.

आता तारखा पाहा. नकार ऑक्टोबर २०२३ चा आणि पहिली प्रमोशन्स स्पर्धा त्याच डिसेंबरमधली. ती आधीपासून ठरलेली असली, तरी अर्ज प्रलंबित असतानाच ठरलेली होती. मार्च २०२४ मध्ये लिव्हने अर्ज मागे घेतला आणि त्याच वर्षाच्या प्रमोशन्समध्ये तीनाची एक जागा झाली. ट्रेव्हर इमेलमन क्रमवारी मंडळाचे अध्यक्ष झाल्यावर २०२५ च्या मध्यावर नवा अर्ज गेला, आणि मग २०२६ साठी ५४ होलांचे ७२ होल झाले, एकाच्या तीन जागा झाल्या, सीरिजच्या एकाच्या दोन झाल्या. फेब्रुवारी २०२६ मध्ये निर्णय आला तोही अर्धाच: प्रत्येक स्पर्धेत फक्त पहिल्या दहा स्थानांवरील खेळाडूंना गुण. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, लिव्हचे दार किती उघडे आहे हे खेळाडूंच्या गरजेवरून ठरत नाही, ते क्रमवारी मंडळाच्या दारात अर्ज पडला आहे की नाही यावरून ठरते. पाहुणे यायचे असले की ओसरी झाडली जाते, तसे हे आहे.

मेजर स्पर्धांच्या आयोजकांनी याला एक बगल दिली आहे. यूएस ओपनने २०२५ पासून लिव्हच्या वैयक्तिक तक्त्यात पहिल्या तिघांत असलेल्या आणि अन्य मार्गाने पात्र न ठरलेल्या एका खेळाडूसाठी जागा ठेवली.

फेअरवे_फुरसत

जुने_मानांकन यांचा तर्क मला पटतो, परंतु त्यातून प्रमोशन्समध्ये खेळणाऱ्या माणसाची बाजू सुटते आहे. दार कोणत्याही हेतूने उघडलेले असो, त्यातून जाणाऱ्याला ते रक्त आटवूनच ओलांडावे लागते. अबू धाबी आणि रियाधला तीन दिवसांत चार फेऱ्या होत्या: पहिल्या दिवशी १८ होल, त्यातून सुमारे वीस जण पुढे, दुसऱ्या दिवशी वरच्या मानाचे खेळाडू येऊन मिळणार आणि सगळ्यांची धावसंख्या शून्यावर, तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून सलग ३६ होल. (‘धावसंख्या’ हा क्रिकेटचा शब्द चुकून आला, इथे फटक्यांची संख्या समजावी.) काल ६५ फटक्यांत फेरी संपवलेल्या माणसाला आज त्याचा एका फटक्याचाही फायदा नाही. फ्लोरिडात शेवटच्या दोन फेऱ्या दोन दिवसांत विभागल्या गेल्या, एवढाच दिलासा.

शिवाय जोखीम आहेच. पीजीए टूरच्या नियमानुसार तिचा सदस्य नसलेला खेळाडूही अनधिकृत स्पर्धेत खेळला, तर त्यानंतर वर्षभर तिला तिथल्या स्पर्धांत खेळता येत नाही, आणि प्रमोशन्सही त्यात मोडते हे टूरने २०२३ मध्येच कळवले होते. म्हणजे एका जागेसाठी दुसऱ्या घराचे दार वर्षभर बंद करून खेळायचे.

तिरका_चेंडू

‘तिला’ नव्हे, ‘त्याला’. बाकी मुद्दा मान्य आहे.

आणि अँथनी किमचे काय? बारा वर्षे स्पर्धात्मक गोल्फपासून पूर्ण दूर असलेला माणूस मार्च २०२४ मध्ये जेद्दाह येथे थेट वाइल्ड कार्डवर आला. कोणत्या पात्रतेवर?

आकडेमोड

कोणत्याही नाही, आणि लिव्हनेही तसा दावा केला नव्हता. लोकांना त्याला पाहायचे होते, म्हणून तो आला. परंतु तो २०२५ अखेर ड्रॉप झोनमधून बाहेर गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये लेकँटोच्या प्रमोशन्समध्ये इतरांबरोबर रांगेत उभा राहिला. कॅनडाचा रिचर्ड ली पहिला, स्वीडनचा ब्यॉर्न हेलग्रेन दुसरा आणि किम तिसरा. म्हणजे वाइल्ड कार्डवर आलेला माणूस या वेळी फटके मोजून आत आला. वर ओगलट्रीची गोष्ट आली आहे, तिचीच ही दुसरी आवृत्ती.

तिसरी आवृत्ती स्कॉट व्हिन्सेंटची, जो किएरनचा थोरला भाऊ. २०२२ मध्ये सीरिजच्या तक्त्यात पहिला येऊन तो २०२३ ला लिव्हमध्ये गेला, २०२४ अखेर बाहेर पडला, २०२५ मध्ये पुन्हा सीरिजमध्ये पहिला आला आणि २०२६ साठी पुन्हा आत. दुसरी जागा जपानच्या योसुके असाजीला मिळाली. कष्टाने आत येणाऱ्यांची नावे फिरून फिरून तीच का येतात, याचा विचार केला तर मला वाटते की पात्रतेतून आलेल्याला सहसा दुबळ्या संघात किंवा संघाविना जागा मिळते, हंगामात स्पर्धा तेरा-चौदाच असतात आणि दोन वाईट महिने गेले की ड्रॉप झोन गाठायला वेळ लागत नाही.

येरवडा_बंकर

मी २०२५ च्या सुरुवातीला गुरुग्रामला डीएलएफच्या मैदानावर इंटरनॅशनल सीरिजची स्पर्धा पाहायला गेलो होतो. गर्दी डीशॅम्बोसाठी होती, लाहिरीसाठी होती. अमेरिकेचा ओली श्नीडरजान्स जिंकला. पीजीटीआयवर वर्षभर खेळणारी मुले त्याच मैदानावर, त्याच दिवशी, दहा-वीस प्रेक्षकांपुढे खेळत होती आणि त्यांच्यासाठी हीच स्पर्धा लिव्हकडे जाणारी पायरी होती. परंतु पायरीवर लिव्हचे करारबद्ध खेळाडूच येऊन बसले तर काय? २०२४ च्या सीरिजच्या तक्त्यात पहिला आला तो होआकिन नीमन, जो आधीपासूनच लिव्हमध्ये होता. पात्रतेच्या स्पर्धेत आधीच पात्र असलेल्यांनी खेळावे, हे मला अद्याप समजलेले नाही.

हिरवळकर

प्रेक्षक आणि प्रायोजक त्यांच्यामुळे येतात, हे त्यामागचे कारण असावे, समर्थन नव्हे. सर्वांचे आभार, घरी उत्तर देण्याइतके साहित्य आता मिळाले आहे.

नऊ_होल_पुरे

उशिरा आलो, एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझा भाचा पुण्यात पीजीटीआयच्या स्पर्धा खेळतो. त्याने ठरवलेच, तर त्याला आज कोणत्या क्रमाने जावे लागेल?

येरवडा_बंकर

प्रथम आशियाई टूरचे कार्ड. त्यासाठी थायलंडमध्ये हुआ हिन येथे होणाऱ्या क्यू-स्कूलच्या अंतिम टप्प्यात पहिल्या ३५ जणांत यावे लागते. नवीन कार्डावर सीरिजच्या सगळ्या स्पर्धांत जागा मिळेलच असे नाही, म्हणून आधी टूरच्या लहान बक्षिसांच्या स्पर्धांत क्रमवारी वर न्यावी लागते. सीरिजमध्ये एक विजय मिळाला तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. गगनजीत भुल्लरने २०२३ मध्ये इंडोनेशियन मास्टर्स जिंकून दाखवले आहे. तक्त्यात पहिल्या दोघांत आला तर थेट लिव्ह, नाहीतर प्रमोशन्सचा प्रयत्न. भाच्याचे वय किती आहे?

नऊ_होल_पुरे

तेवीस. सध्या प्रवासखर्च आम्ही मामामंडळी मिळून करतो.

येरवडा_बंकर

मग हुआ हिनच्या प्रवेश अर्जाची मुदत पाहून ठेवा, आणि मामांची संख्या वाढवता आली तर पाहा.